वादळात गावागावांत बोलायला वॉकी-टॉकी चालतील का? (दापोली तालुका, किनारा)

सड्याखालची

नमस्कार मंडळी. किनाऱ्यावरच्या एका गावात आमची घरगुती खानावळ आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्या दिवशी मोबाईलची रेंज दुपारी बाराच्या आतच गेली. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आगरात अकरा माड आडवे होते आणि पोफळींची तर मोजदादच नाही. ते दुःख वेगळं. माझी मावशी सड्याच्या, म्हणजे वरच्या सपाट कातळाच्या डोंगराच्या, पलीकडच्या गावात एकटी राहते. सरळ मोजलं तर पाच किलोमीटरसुद्धा नसेल. रस्ता आंब्या-फणसांनी बंद झालेला. तिसऱ्या दिवशी दीर कोयती घेऊन सडा चढून गेले तेव्हा कळलं, की ती धडधाकट आहे, पडवीची कौलं तेवढी गेलीत, आणि आमचं काही बरंवाईट झालं असेल म्हणून ती दोन दिवस नीट जेवलेली नाही. इकडे आम्ही तिच्या नावानं तेच करत होतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हाही रेंजची तीच गत.

आता वाडीतल्या पोरांनी टूम काढलीय, की वर्गणी काढून ऑनलाइन दहा वॉकी-टॉकी मागवायचे. खोक्यावर 'रेंज १० किमी' लिहिलेलं असतं. देवळात बैठक झाली. एक म्हणतो लायसन लागतं, दुसरा म्हणतो पोलीस उचलून नेतील, तिसरा म्हणतो काही होत नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा शंख फुंका."

खरंच पोचेल का आवाज? कायद्यात बसतं का? आणि महिनाभर लाईट नसेल तर ते चार्ज कशावर करायचे? आमच्याकडे तेव्हा सव्वीस दिवस अंधार होता.

चाकरमानी डोंबिवली

बिनधास्त घ्या ताई. आम्ही मंडळाच्या मिरवणुकीत गेली चार वर्षं वापरतोय, पाच वॉटचे आहेत, एकदम कडक आवाज. लायसन कोण विचारतंय.

स्पार्क्स

डोंबिवलीकर, तुम्हाला अजून कोणी विचारलं नाही, एवढंच. ताईंना तो सल्ला देऊ नका. त्यांचं गाव किनाऱ्यावर आहे, आणि २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी वायरलेस ही चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही.

ताई, मी खाडीपलीकडचा, गुहागर तालुक्यातला. मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. बोटीवर आमच्या जातीला 'स्पार्क्स' म्हणत. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर जीएमडीएसएस, म्हणजे संकटात मदत मागायची नवी जागतिक यंत्रणा, पूर्णपणे लागू झालं, उपग्रहावरून बटण दाबून इशारा जायला लागला आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, एवढाच छंद.

कायद्याचं आधी उरकतो. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अर्ध्या वॉटचे हातातले सेट वापरायला लायसन लागत नाही. सेट मात्र त्याच पट्ट्याचा आणि मान्यता असलेला हवा. डोंबिवलीचा पाच वॉटवाला, कुठल्याही फ्रिक्वेन्सीला लावता येणारा सेट त्यात बसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्यांना नोटिसा काढल्या त्या याचसाठी: सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीचा, लायसन लागतं की नाही, हे न सांगताच धडाधड विक्री चालली होती. तेव्हा मागवताना नुसते किलोमीटर बघू नका, ४४६ आणि मान्यतेचा उल्लेख बघा. घेतल्यावर कुठला सेट कुणाच्या घरी, याची यादी करून पोलीस ठाण्यात एक साधं पत्र देऊन ठेवा. नियम म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून. आणि दुबईचा कोणी भाचा सॅटेलाइट फोन आणतो म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियम बाळगलात तर नसतं लचांड मागे लागेल.

आता रेंज. रेडिओला जेवढं दिसतं तेवढंच ऐकू येतं. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, त्याला साधारण ४.१ नं गुणा, तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. उभ्या माणसाच्या तोंडाशी, दीड मीटरवर धरलेल्या सेटला पाच किलोमीटर. समोरच्याचे पाच. झाले दहा! खोक्यावरचे दहा किलोमीटर हे असे, सपाट समुद्रावरचे. तुमच्या आगरात ते किलोमीटरभर चालले तरी पुष्कळ. पावसात भिजलेली झावळ म्हणजे पाण्याची पखालच, ४४६ वर ती लाटा पिऊन टाकते. आणि मधे सडा असेल तर मावशी कायमची मुकी.

उलट तोच सडा शंभर मीटर उंच धरा. त्याच्या कातळावर उभ्या माणसाला एकट्याचेच एकेचाळीस किलोमीटर मिळतात. अर्धा वॉट तेवढं पोचवणार नाही, पण खालची दोन्ही गावं त्याच्या टप्प्यात येतील. म्हणजे तुमचं खरं यंत्र सडा आहे. दहा सेटमधला पहिला सेट वरच्या घराला द्या, सरपंचांना नंतर.

चार्जिंगचं मला वाटतं तुम्ही उलटीकडून विचारताय. आमच्या रेडिओ रूममध्ये एक घड्याळ असायचं. त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांना तांबड्या फाका रंगवलेल्या. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या कुठल्याही जहाजानं बोलायचं नाही, नुसते कान द्यायचे. एखादं जहाज बुडत असेल, बॅटरी संपत आली असेल, तर त्याचा बारीक आवाज त्या शांततेत कुणाला तरी ऐकू यावा म्हणून. अटलांटिकमध्ये असो की अरबी समुद्रात, तांबड्या फाकेत काटा आला की हात आपोआप मोर्स कीवरून उठायचा. ते घड्याळ आज माझ्या पडवीत आहे. नातू विचारतो, आजोबा, यातला पिझ्झाचा तुकडा कसला?

तुम्ही तेच करा. दर तासाची पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी सेट चालू करायचे, बाकी वेळ बंद. चोवीस तासांत दोन तास झाले. सेट ऐकताना फार कमी वीज खातो, बोलताना खातो. मग एका चार्जिंगवर आठवडा सहज निघतो. आणि कुणाला काही सांगायचं असेल तर समोर ऐकणारं कोणीतरी आहे याची खात्री असते, ती बॅटरीपेक्षा मोठी. चार्जिंगला रिक्षा, ट्रॅक्टर, कुठलीही बारा व्होल्टची बॅटरी चालेल. फक्त यूएसबीनं चार्ज होणारे सेट निवडा.

तांडेल

स्पार्क्सकाकांनी जहाजाचं सांगितलं, मी होडीचं सांगतो. हर्णैकडचा आहे. आमच्या वायरलेसवर चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटात तिथं हाक मारायची. शिवाय इस्रोनं केलेला डॅट असतो. बटण दाबलं की उपग्रहावरून कोस्ट गार्डकडे जागा कळते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या डॅटमध्ये 'तुमचा निरोप मिळाला' असं उत्तरही परत येतं. जुन्यात ते नव्हतं, बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

लोक आम्हाला विचारतात, तुमच्याकडे एवढे वायरलेस आहेत तर गावाला का नाही उपयोग? एक तर तो सेट समुद्रासाठी दिलेला, जमिनीवर गप्पा मारायला नाही. दुसरं, पावसाळा तोंडावर आला की मासेमारी थांबते. निसर्ग आलं ३ जूनला. होड्या वर ओढलेल्या, ताडपत्री बांधलेली, सेट खोलून ठेवलेले. म्हणजे वादळ आलं तेव्हा आमचा वायरलेस झोपलेला.

पण ताई, एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. त्याच दिवसांत होडीची मोठी बॅटरी घरात असते. आमच्या वाडीत त्या महिन्यात निम्म्या घरांचे मोबाईल, टॉर्च होडीच्या बॅटऱ्यांवर चालले. तुमच्या कोळीवाड्यात विचारा, कोणी नाही म्हणणार नाही. टर्मिनलला व्हॅसलीन लावायला सांगा, खाऱ्या वाऱ्यानं आठ दिवसांत हिरवं होतं.

आणि कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. रेंज असेपर्यंत तरी कामाचे.

सड्याखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून पोरांची ऑर्डर थांबवली. पुण्याच्या एका ट्रेकिंगवाल्या पाहुण्यांकडे ४४६ चे तीन सेट होते, ते आठ दिवस ठेवून घेतले. रविवारी वापरून पाहिलं, ते जसं झालं तसं लिहिते.

आमच्या खळ्यातून देवळापर्यंत स्वच्छ. आगरात साकवापाशी गेलं की नुसती खरखर, आणि तिथून तीन पावलं वर पाखाडीवर चढलं की पुन्हा स्वच्छ! तीन पावलांत एवढा फरक पडेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पुळणीवरून बंदराच्या धक्क्यापर्यंत, तीनेक किलोमीटर, शेजारी बसून बोलल्यासारखं. मावशीकडे थेट काही नाही. शून्य.

मग पुतण्या सड्यावर गेला. वर सात-आठ घरांची वाडी आहे, तिथल्या बंद पडलेल्या शाळेच्या ओट्यावर उभा राहिला. त्याला आम्ही ऐकू आलो आणि मावशीही. मी सांगायचं, त्यानं ते पुढे म्हणायचं, उलट उत्तर पुन्हा मला. पाच वर्षांपूर्वी जे कळायला तीन दिवस लागले ते दीड मिनिटात कळलं.

गोंधळही झाला. मावशीला वाटलं फोनच आहे. तिनं बटण दाबलं ते सोडलंच नाही. जावेनं सामाईक विहिरीवर पंप कसा बसवला, ही पूर्ण कथा तिन्ही ठिकाणी ऐकू आली. सड्यावरच्या बायकांसकट. मधे थांबवायची सोयच नाही, कारण ती बोलतेय तोवर आमचं तिला जातच नाही.

दुसरं असं, की मी "नका पाठवू तांदूळ" म्हटलं, ते पुतण्याला "पाठवू तांदूळ" ऐकू आलं. आणि तिनं सात नारळ सांगितले ते माझ्यापर्यंत साठ होऊन आले.

पण खरी शंका सासूबाईंनी काढली. भर वादळात सड्यावर कोण मरायला जाणार?

स्पार्क्स

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बरोबर आहे त्यांचं. वादळात कोणीही वर जायचं नाही. कातळावर उघड्यावर उभा माणूस म्हणजे विजेला आमंत्रण. वारा असताना रेडिओवर कळून तुम्ही करणार तरी काय? दार उघडता येत नाही. रेडिओचं काम वारा पडल्यावर सुरू होतं. म्हणून तर वर राहणाऱ्याच घरात सेट हवा, म्हणजे कुणाला चढायला लागत नाही. सड्यावरच्या वाडीत जे माणूस सहसा घर सोडत नाही ते शोधा. तरुण पोरगा नको, तो मुंबईला जाईल.

मावशींच्या पंपाची कथा मला फार आवडली. जगातल्या प्रत्येक रेडिओ जाळ्यावर अशी एक मावशी असते. सेटला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: 'दाबा – बोला – सोडा'. बोलून झालं की 'ओव्हर'.

'नका'चं 'का' किंवा नुसतं गायब होणं हे नेहमीचं आहे. बटण दाबल्यावर सेट जागा व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिलं अक्षर गिळलं जातं. दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. शिवाय नकार कधी एका शब्दात ठेवायचा नाही. "तांदूळ नको, आहे, पुरेसा आहे" असं म्हणा.

आकड्यांत आपली मराठी रेडिओला फार वाईट. सात-साठ, एकोणीस-एकोणतीस, पंचावन्न-पंचाण्णव. आकडे सुटे सांगा: एक नऊ. दोन नऊ. औषधाचं नाव, रक्तगट असेल तर अक्षरं शाळेतल्यासारखी, क कमळातला, ग गणपतीतला. ऐकणाऱ्यानं कागदावर लिहायचं आणि वाचून दाखवायचं, पाठवणाऱ्यानं "बरोबर" म्हटल्यावरच तो निरोप पोचला. पुतण्यासारखा मधला माणूस असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. त्यानं आपल्या शब्दांत सांगायचं नाही, शब्दाला शब्द. "बाईला दुखतंय" आणि "बाईला कळा येतायत" यात डोंगराएवढा फरक आहे.

आणखी एक. गावं एकमेकांशी बोलायला लागली तरी तालुक्याला कसं कळणार? त्यासाठी उपग्रह नको. पोलिसांचा स्वतःचा वायरलेस असतो, मोबाईल टॉवरवर न चालणारा. तुमचा लिहिलेला निरोप ठाण्यापर्यंत किंवा चौकीपर्यंत गेला की पुढचं ते बघतील. सड्यावरून चौकी दिसते का बघा. टॉवरवर भरवसा नको, त्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या. मग डिझेल लागतं, आणि डिझेल येणारा रस्ता तुमच्या फणसांनीच अडवलेला असतो.

पुढच्या वर्षीसाठी: गावातल्या दोघा-तिघांनी हॅमची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेलं पोरही देऊ शकतं. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्द. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. लायसन हातात यायला वेळ लागतो, आत्ता अर्ज करून येत्या जूनचा भरवसा धरू नका. पण मिळालं की खालच्या श्रेणीतही पन्नास वॉटपर्यंत बोलता येतं, आणि नेहमीची यंत्रणा कोलमडली की आपत्तीचे निरोप इतरांच्या वतीनं पाठवायची मुभा असते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्याबरोबरची हॅम मंडळी छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेलेली होती, आणि त्सुनामी आल्यावर अंदमानातून बाहेर निरोप न्यायला तेच रेडिओ उपयोगी पडले. गेले होते गंमत म्हणून, हेच मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं. सेट चालू स्थितीत होते. हॅमचा सेट ४४६ वर मात्र लावायचा नाही, हॅमवाल्यानं दोन्ही सेट जवळ ठेवायचे, एका कानानं गाव, दुसऱ्यानं बाहेरचं जग.

पुण्यात बसलेला

मधेच बोलतो. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टाही ठरलेल्या शक्तीपर्यंत लायसनमुक्त आहे. त्यावर मेशटास्टिकची छोटी यंत्रं मोबाईलला ब्लूटूथनं जोडून नुसते लेखी निरोप पाठवता येतात, एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पुढे जातात. सड्यावर एक सोलरवर ठेवलं की पुतण्याला उभं राहायला नको. सात-साठचा प्रश्नही मिटला.

स्पार्क्स

चांगलं आहे, जरूर लावा. मीही एक लावलंय. पण मावशींना मराठी टाइप करता येतं का ते आधी विचारा, आणि माकडं सोलरची वायर खातात हे धरून चाला. आवाजाचा सेट काढून मात्र टाकू नका.

सड्याखालची

उशिरा लिहितेय, मधे सीझन होता.

चारच सेट घेतले, दहा नाही. एक सड्यावर, एक मावशीकडे, एक कोळीवाड्यात, एक आमच्याकडे. वरचा सेट एका आजींकडे दिलाय. त्यांच्या शेळ्या आहेत, त्यामुळे त्या कुठे जात नाहीत. त्यांना लिहिता येत नाही, पण नातसून सहावी-सातवीपर्यंत शिकलीय, ती वहीत उतरवते आणि वाचून दाखवते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. पोलिसांना पत्र दिलं. साहेबांनी सेट हातात घेऊन बघितले, नंबर उतरवून घेतले आणि त्यांचा माणूस रविवारी चौकीच्या गच्चीवर उभा करतो म्हणाले. दोनदा उभा राहिला, एकदा विसरला.

पाऊस नसला तरी रोज संध्याकाळी सातला पाच मिनिटं चालू करायचं ठरवलंय. मावशी अजून बटण सोडायला विसरते, पण आता आजी खालून काही ऐकू येत नाही म्हणून सड्यावरून ओरडतात आणि ते म्हणे तिला तसंच ऐकू जातं, रेडिओशिवाय.

काका, तुमच्या घड्याळासारखं आमचंही केलं. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची काच काढून बारा ते एकच्या मधे मुलीच्या नेलपॉलिशनं तांबडी फाक रंगवली. सासूबाईंनी आधी नावं ठेवली, घड्याळ नासवलं म्हणाल्या. काल भाकऱ्या थापत होते, हात पिठाचे. मागून आवाज आला, "अगो, तांबड्यात आला बघ काटा. आण तो रेडिओ इकडे, तुझे हात खरकटे."